गाडीचा डायनामो : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?



बैलगाडीचे चाक कसे असते, ते आम्ही तुम्हांला सांगायला नको. धाव सैल झाली, तर लोहार ती तापवून पुन्हा बसवतो. एखादा आरा मोडला, तर सुतार तेवढा आरा बदलतो. त्यासाठी कोणी सगळे चाक फेकून देत नाही. पण तुंबाच फुटला, तर शहाणा माणूस आऱ्यांवर पैसा घालीत नाही. तो नवे चाक करून घेतो.

आता गावोगाव ट्रॅक्टर, पिकअप आणि छोटे मालटेम्पो आले आहेत. नागपूरच्या कॉटन मार्केटात पहाटे भाजी येते, ती त्यांतूनच. कळमन्याला संत्री येतात, तीही त्यांतूनच. पण बैलगाडीच्या चाकाला जो न्याय आपण लावतो, तो इंजिनाच्या वस्तूला लावायला आपण बिचकतो. कारण चाक डोळ्यांना दिसते, आणि ही वस्तू डब्यात बंद असते. मिस्त्री म्हणतो, "डायनामो गेला. नवा टाका." आपण मान हलवतो आणि उसने पैसे आणायला निघतो.

आम्हांला पुष्कळदा लोक विचारतात, "गुरुजी, आता काय करावं जी? नवा घ्यावा की हाच नीट करून घ्यावा?" या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. पण उत्तर शोधण्याची रीत आहे. ती रीत या पाठात पाहू.

ही वस्तू काय काम करते?

गावात जिला डायनामो म्हणतात, तिचे आजचे खरे नाव अल्टरनेटर. जुन्या मोटारींत डायनामोच असे. इंजिन हळू चालले, की तो फारच थोडी वीज देई. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या मोटारीत अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली. पुढे जगभर तोच रूढ झाला. डायनामो गेला, पण त्याचे नाव लोकांच्या तोंडात राहिले. आम्हीही येथे डायनामोच म्हणू. दुकानातल्या खोक्यावर मात्र तुम्हांला अल्टरनेटर हे नाव दिसेल.

पुष्कळांना वाटते, गाडीतली सगळी वीज बॅटरी देते. पण तसे नाही. बॅटरी म्हणजे घरातला रांजण. डायनामो म्हणजे विहिरीवरची मोटार. गाडी सुरू करताना सेल्फ रांजणातले पुष्कळ पाणी एकदम उपसतो. इंजिन चालू झाले, की डायनामो फिरू लागतो. तो दिव्यांना आणि भोंग्याला वीज पुरवतो आणि रांजणही पुन्हा भरतो. डायनामो बंद पडला, तर गाडी रांजणातल्या पाण्यावर चालते. ते किती वेळ पुरणार? रात्री दिवे लावले असले, तर फारच थोडा वेळ.

डायनामो वीज तयार कसा करतो? तांब्याच्या तारेच्या वेढ्यांमध्ये लोहचुंबक फिरवला, की तारेत वीज उत्पन्न होते. हा शोध १८३१ साली इंग्लंडात मायकेल फॅराडे यांनी लावला. फॅराडे हे लोहाराचे पुत्र. शाळा थोडीच झालेली. लहानपणी ते पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करीत. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. वाचनाने माणूस कुठवर जातो, ते पाहा!

आपल्या नागपूरजवळ कोराडीला आणि खापरखेड्याला मोठी वीजघरे आहेत. तेथे कोळसा जाळून वाफ करतात. वाफेच्या जोरावर चाक फिरते आणि त्याच्याबरोबर प्रचंड लोहचुंबक मिनिटाला ३,००० फेरे घेतो. तुमच्या गाडीतल्या डब्यातही तेच चालते. तेथे वाफ फिरवते, येथे इंजिनाचा पट्टा फिरवतो. एवढाच फरक.

डब्याच्या आत काय असते?

आतले मुख्य भाग सहा. त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला रोटर. हा मधला फिरणारा भाग. यातून थोडी वीज सोडली, की तो लोहचुंबक होतो.

दुसरा स्टेटर. हे रोटरच्या भोवतालचे तांब्याच्या तारेचे वेढे. यांनाच मिस्त्री वाइंडिंग म्हणतात. वीज येथे तयार होते.

तिसरा भाग कार्बन. हे दोन छोटे काळे तुकडे फिरत्या रोटरला टेकून असतात आणि त्याला वीज पोचवतात. पाटीवरची लेखणी घासून झिजते, तसे हे झिजतात. झिजणे हा त्यांचा धर्मच आहे.

चौथा भाग डायोड. विहिरीच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. डायोडही विजेला एकाच बाजूने जाऊ देतो. फूटव्हॉल्व्ह गळका झाला, तर नळातले पाणी विहिरीत उतरते. तसा डायोड बिघडला, तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली सापडू शकते.

पाचवा भाग रेग्युलेटर. पाटाला जसे दार, तसा हा. वीज किती सोडायची ते तो ठरवतो. इंजिन जोरात पळाले, तरी तो विजेचा दाब वाढू देत नाही.

सहावा भाग बेअरिंग. दोन्ही टोकांना एकेक असते. त्यांच्यावर रोटर फिरतो.

आता पाहा. हे सहाही भाग एकाच वेळी बिघडत नाहीत. "डायनामो गेला" असे कोणी म्हटले, तर "त्यातले काय गेले?" हा तुमचा पुढचा प्रश्न असला पाहिजे.

आधी खात्री करा

आपल्यात म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दोष पट्ट्याचा असतो आणि लोक डायनामो बदलून बसतात. म्हणून डायनामो उघडण्याच्या आधी तीन गोष्टी पाहा.

पट्टा पाहा. इंजिन बंद करून, किल्ली काढून, पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला, तर बहुतेक गाड्यांत ते ठीक समजतात. फार लोंबत असेल, तर तो पुलीवर घसरतो आणि डायनामो पुरता फिरत नाही. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नेऊ नका. दुपट्टा किंवा पदर तर मुळीच जाऊ देऊ नका.

बॅटरीची टोके पाहा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, किंवा पाने सैल असतील, तर डायनामोने दिलेली वीज बॅटरीत पोचत नाही. इंजिनाला जोडलेली अर्थची तारही पाहा.

बॅटरीचे वय पाहा. रांजणच फुटका असेल, तर मोटारीने कितीही पाणी चढवले, तरी तो भरणार नाही.

हे तिन्ही ठीक असेल, तर मीटर लावा. मीटर प्रत्येक मिस्त्रीकडे असते. त्यावरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. ते दहा आकडे ओळखायला शिका. फार उपयोगी पडतात. १२ व्होल्टची गाडी काही तास उभी असली आणि बॅटरी भरलेली असली, तर मीटर सुमारे १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे बॅटरी साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करावे. आता आकडा वाढून १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आला, तर डायनामो काम करतो आहे. दिवे लावून पुन्हा पाहा. तरी आकडा १३ च्या वर राहिला पाहिजे. आकडा वाढलाच नाही, तर वीज येत नाही. आणि १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीचे पाणी उकळून आटते आणि दिवे उडतात. काही अगदी नव्या गाड्यांत हा आकडा संगणक कमीजास्त करतो. त्या गाड्या कंपनीच्या केंद्रात तपासून घ्याव्यात.

मोजताना इंजिन थोडे जोरात चालवावे. आम्ही महालात राहतो. सणासुदीला बडकस चौकात गाड्या मुंगीच्या पायाने सरकतात. इंजिन मंद चालते, दिवे मात्र लागलेले असतात. तेव्हा उजेड थोडा फिका पडला, तर तेवढ्यावरून डायनामो गेला असे समजू नये.

एक गोष्ट कधीही करू देऊ नका. काही मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून परीक्षा करतात. गाडी बंद पडली नाही, तर म्हणतात डायनामो ठीक. ही रीत जुन्या डायनामोच्या काळातली. आजच्या अल्टरनेटरवर असे केले, तर विजेचा दाब एकदम वाढतो. त्याने चांगले डायोड जळतात आणि गाडीतील इतर नाजूक वस्तूही जळू शकतात. तपासायला नेलेली चांगली वस्तू अशी बिघडून परत येते.

दुरुस्ती केव्हा करावी?

कार्बन झिजले असतील, तर दुरुस्तीच करावी. हे अगदी स्वस्त काम. त्यासाठी नवा डायनामो घेणे म्हणजे लेखणी झिजली म्हणून पाटी फेकणे होय.

रेग्युलेटर बिघडला असेल आणि तो वेगळा मिळत असेल, तर तोच बदलावा. पुष्कळ गाड्यांत कार्बन आणि रेग्युलेटर एकत्रच येतात.

बेअरिंग वाजत असेल, घरघर ऐकू येत असेल, तर दोन्ही बेअरिंग एकाच वेळी बदलून घ्यावीत. पण उशीर करू नये. बेअरिंग फार झिजले, तर रोटर हलतो आणि स्टेटरला घासतो. मग थोडक्याचे काम मोठे होते.

डायोड गेला असेल, तर सबंध डायोडची पट्टी बदलता येते. वाइंडिंग शाबूत असेल, तर हेही काम करण्याजोगे आहे.

नवा केव्हा घ्यावा?

वाइंडिंग जळून काळे पडले असेल, जळका वास येत असेल, तर नव्याचा विचार करावा. तारेचे वेढे पुन्हा भरून देणारे कारागीर आहेत. पण तार हलकी वापरली, किंवा वेढे बरोबर भरले नाहीत, तर ते काम टिकत नाही. त्यातही नागपूरचा उन्हाळा! बाहेर ४५ अंश आणि इंजिनाजवळ त्याहून किती तरी अधिक. हलके काम तेथे लवकर जळते.

रोटर स्टेटरला घासून दोन्ही खराब झाले असतील, रोटरचा दांडा वाकला असेल, किंवा बाहेरचे कवच तडकले असेल, तर दुरुस्तीच्या भरीस पडू नये. बैलगाडीचा तुंबा फुटला, तो हाच.

आणि बेअरिंग, डायोड, रेग्युलेटर असे तीन-चार भाग एकदम गेले असतील, तर सुटा हिशेब मांडून पाहावा.

हिशेब कसा मांडावा?

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. भाव गाडीप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात.

समजा नवा डायनामो ८,००० रुपयांना मिळतो. कार्बन आणि बेअरिंग बदलायला १,२०० रुपये लागतात. मग विचार कशाला? दुरुस्ती करावी.

आता समजा वाइंडिंग, डायोड आणि बेअरिंग मिळून ५,००० रुपये होतात. वरवर ३,००० रुपये वाचतात. पण दुरुस्तीची हमी एक महिन्याची आणि नव्याची एक वर्षाची. दोन महिन्यांनी पुन्हा जळला, तर आधीचे ५,००० गेले आणि ८,००० द्यायचेच आहेत. शिवाय त्या रात्री गाडीत भाजी असेल, तर तिचे नुकसान वेगळे.

म्हणून आम्ही एक साधा ठोकताळा सांगतो. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी आणि वाइंडिंग शाबूत, तर दुरुस्ती. खर्च निम्म्याच्या वर आणि डायनामो जुना, तर नवा. गाडीच लवकर विकायची असेल, तर हिशेब थोडा बदलतो. पण रात्रीबेरात्री गाडी नेणाऱ्याने फार काटकसर करू नये.

तिसराही एक मार्ग असतो. जुना दुरुस्त केलेला डायनामो स्वस्तात मिळतो. चांगल्या ठिकाणचा, लेखी हमी असलेला असेल, तर हरकत नाही. भंगारातून काढून नुसता रंग मारलेला मात्र घेऊ नये. रंगाखालचे वाइंडिंग कोणी पाहिले?

दुकानात कसे बोलावे?

गाडीवाला : मिस्त्रीभाऊ, दिवे फिके पडले जी. सकाळी सेल्फही लागत नाही.

मिस्त्री : डायनामो गेला. नवा टाकून देतो.

गाडीवाला : आधी मीटर लावून पाहता काय?

मिस्त्री : काहून भाऊ, भरवसा नाही काय?

गाडीवाला : भरवसा आहे म्हणूनच तुमच्याकडे आलो. पण काय गेलं ते मला समजू द्या. उघडून दाखवा. उघडण्याची मजुरी देतो मी.

मिस्त्री : पाहा मग. कार्बन संपले आहेत. वाइंडिंग ठीक दिसते.

गाडीवाला : मग कार्बनच टाका. आणि जुने कार्बन मला परत द्या.

यात भांडण नाही, की अविश्वास नाही. सगळेच मिस्त्री फसवतात असेही नाही. पुष्कळदा दुरुस्त केलेला माल पुन्हा बिघडतो आणि गिऱ्हाईक येऊन तोंड टाकते. म्हणून मिस्त्रीला नवे बसवणे बरे वाटते. तुम्ही समजून बोललात, तर तोही समजून सांगतो.

नवा घेतलाच, तर आणखी चार गोष्टी पाहा.

एक. जुन्या डायनामोवरची पट्टी वाचा. तीवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. नव्यावर तेच आकडे आहेत ना, ते स्वतः पाहा. कमी अँपिअरचा बसवला, तर त्याला भार झेपत नाही.

दोन. काही डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीमागे एक छोटा पंप असतो. ब्रेक हलका लागावा म्हणून तो हवा ओढतो. तुमच्या गाडीत तो असेल, तर नव्यावरही तो पाहिजे, आणि त्याची तेलाची नळी नीट जोडली पाहिजे. तो पंप चालला नाही, तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. येथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. गाडी ताब्यात घेताना आधी हळू चालवून ब्रेक दाबून पाहा.

तीन. जुना कशामुळे गेला ते विचारा. वरून तेल गळत असेल, पट्टा फार ताणलेला असेल, किंवा बॅटरी निकामी असेल, तर नवाही त्याच वाटेने जाईल.

चार. जुना डायनामो दुकानात फुकट सोडू नका. त्यात तांबे आहे. त्याची किंमत वजा करून मागा.

बिल हवेच

आता तुम्हांला वाचता येते. म्हणून बिल घ्या आणि तेथेच उभे राहून वाचा. तारीख, दुकानाचे नाव, वस्तूचा क्रमांक, रक्कम आणि हमीची मुदत, एवढे त्यात असले पाहिजे. "हमी आहे" हे तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. कागद राहतो.

हमी असूनही कोणी दाद देत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्यालाही हा कायदा ग्राहक मानतो. मात्र तेथे पहिला प्रश्न येतो, "बिल आहे काय?"

वाटेत दिवा लागला तर?

गाडीच्या समोरच्या पाटीवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. चालत्या गाडीत तो लागला, तर समजा की रांजणात पाणी येणे थांबले.

प्रथम गाडी बाजूला घ्या आणि पट्टा आहे की तुटला ते पाहा. पाहण्यासाठी हात घालू नका. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. इंजिन तापून जाईल, आणि मग डायनामोचा खर्च त्यापुढे काहीच नव्हे.

पट्टा शाबूत असेल आणि दिवस असेल, तर पंखा, गाणी असे सगळे बंद करा. इंजिन बंद न करता जवळच्या मिस्त्रीकडे न्या. रात्र असेल, तर उजेडाच्या जागी थांबा. दिव्यांशिवाय गाडी हाकू नका. भाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोडता येते.

लक्षात ठेवा

आधी पट्टा, बॅटरीची टोके आणि मीटर. मग डायनामो.

काय गेले ते उघडून पाहा.

झिजणारा भाग गेला, तर दुरुस्ती. वाइंडिंग, दांडा किंवा कवच गेले, तर नवा.

जुना भाग परत मागा. बिल वाचून घ्या.

बंद डब्याचे माणसाला भय वाटते. पण एकदा आत काय आहे ते कळले, की तोही बैलगाडीच्या चाकासारखाच उघडा होतो. मग निर्णय आपला आपल्याला घेता येतो.